भोंगा वाजला की माणसं कुठे जातात

‘घबराट’ या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. कुठे आग लागते, कुठे चेंगराचेंगरी होते, चार जीव जातात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, ‘लोकांमध्ये एकच घबराट उडाली.’ झालं! दाराला कुलूप होतं ते राहिलं बाजूला, जिना अरुंद होता तो राहिला बाजूला. दोष कुणाचा, तर घाबरणाऱ्यांचा. अशी बातमी आली की मी पेपर मिटते आणि मोठ्याने बोलायला लागते. आमचे हे लगेच म्हणतात, “झाली सुरू. चहा मीच टाकतो.”

या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं, “मावशी, त्या काळात रत्नागिरीत बाईमाणसाने कॉम्प्युटर चालवला, तेव्हा कसं शिकलात, किती सोसलंत, ते लिहा.” शिकण्याचं पटकन सांगून टाकते, सोसण्याचं ओघात येईल.

मी मॅट्रिक. एका तांत्रिक शाळेत टायपिस्ट म्हणून लागले. ऐंशी सालानंतरची गोष्ट, शाळेला मुंबईच्या एका माजी विद्यार्थ्याने कॉम्प्युटर भेट दिला. आजच्या मानाने खेळणंच ते. टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम गाण्यांच्या कॅसेटवर साठवायचे. पण थाट काय विचारू नका! वेगळी खोली, खिडक्यांना पडदे, चपला बाहेर, वर भरतकाम केलेलं कापड. आमच्या घरचं देवघर एवढं सोवळ्यात नव्हतं. बिघडला तर कोण भरून देणार, म्हणून मास्तरमंडळी हात लावीनात. आणि शाळेत जे काम कुणीच करत नाही ते टायपिस्टकडे येतं. सोबत आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि एक डिक्शनरी घेऊन मी बसले. चुकले, परत बसले. वर्षभरात ते यंत्र माझं ऐकायला लागलं. एवढंच शिक्षण.

शाळेत लिमये सर गणित शिकवायचे. अबोल माणूस, पण त्यांच्या डोक्यात एक किडा होता. संकट आलं की माणसं काय करतात, हे खरीखुरी माणसं संकटात न घालता बघता येईल का? म्हणजे माणसं कॉम्प्युटरच्या आत करायची, आतच आग लावायची आणि आपण बाहेर बसून बघायचं. हिशेब सर मांडणार, प्रोग्रॅम मी लिहिणार. आमची जोडी जमली.

हे काम असतं कसं, ते सांगते. पडद्यावर जागेचा नकाशा काढायचा. रेघा म्हणजे भिंती. एकेक माणूस म्हणजे एकेक अक्षर. प्रत्येक अक्षराच्या पोटात थोडे आकडे ठेवायचे. चाल किती, भीती किती, असे. मग दर ठोक्याला यंत्र प्रत्येकाला विचारतं, बाबा रे, आता पाऊल कुठे टाकतोस? तो आपल्या आकड्यांप्रमाणे सरकतो. भीतीचा आकडा शून्य ते नऊ. आम्हाला आधी वाटलं, नऊवाला सगळ्यात जोरात पळणार. मग एकदा ऑफिसात साप निघाला. शिपाई पळाला, मी पळाले, आणि आमचे हेडक्लार्क खुर्चीवर उभे राहून पुतळा झाले. साप गेला तरी उतरेनात. त्या दिवसापासून आमच्या प्रोग्रॅममध्ये नऊवाला जागीच थिजतो. हेडक्लार्कना हे मी कधी सांगितलं नाही.

भीतीचा आकडा कुणालाही सुचेल. दुसरा आकडा मी घातला, त्याचा मला अजून अभिमान आहे. त्याला आम्ही ‘ओढ’ म्हणायचो. माणूस कशापासून पळतो हे भीती सांगते. तो कुणाकडे जातो हे ओढ सांगते.

ओढ सापडली ती चपलांपायी. शाळेच्या सभागृहाला दोन दारं, एक पुढे, एक मागे. आमच्या प्रोग्रॅमप्रमाणे अर्धी मुलं पुढून आणि अर्धी मागून बाहेर पडायची. सरांनी खरी तालीम घेतली, घंटा बडवली, आणि सगळीच्या सगळी मुलं पुढच्या दारावर कोसळली! मागचं दार सताड उघडं, तिकडे चिटपाखरू नाही. सर डोक्याला हात लावून बसले. मी एका मुलीला विचारलं, “मागून का नाही गेलीस गो?” ती म्हणाली, “बाई, माझ्या चपला पुढं होत्या.” नवीन चपला होत्या तिच्या. आता हिला काय मूर्ख म्हणायचं? घरी अनवाणी गेली असती तर आईने सोलून काढली असती. तो धाक घंटेपेक्षा मोठा होता. आम्ही चपलांची फळी मागच्या दाराशीही ठेवली. पुढच्या तालमीत मुलं दोन्हीकडून निघाली. मुलं तीच, अक्कल तेवढीच, फळी तेवढी वाढली.

आता बर्फाच्या कारखान्याचं सांगते. त्यासाठीच तर लिहायला बसले.

बंदराजवळ एक बर्फ कारखाना होता. नाव सांगत नाही, मालकाला नुसतं शेट म्हणते. मासळी टिकवायची तर बर्फ हवा, आणि बर्फ करायचा तर अमोनिया वायू लागतो. नळीत आहे तोवर गरीब गाय. नळी फुटली की डोळे, नाक, घसा जाळत सुटतो. कारखान्याच्या मागे एक बोळ होता. मासे विकणाऱ्या बायका, खलाशी, जाळी विणणारे म्हातारे यांची दाटीने घरं. बोळाचं एक तोंड कारखान्याच्या फाटकापाशी, दुसऱ्या टोकाला सरळ उभी दरड. एका अंगाला कारखान्याची मागची भिंत आणि तिच्यापुढे एकाला एक लागून, मागे दारं नसलेली घरं, आणि दुसऱ्या अंगाला चिऱ्यांचा लांबलचक गडगा. आमच्याकडचा गडगा म्हणजे तांबडे चिरे एकावर एक नुसते रचलेले, ना चुना ना सिमेंट. त्या गडग्यापलीकडे शेटचीच माडांची मोकळी जागा, आणि तिथून सरळ मोठा रस्ता.

म्हणजे बघा, वायू सुटला तर बोळातल्या माणसाला बाहेर पडायला एकच वाट, ती वायूच्या तोंडातून.

सरकारी तपासनिसांनी शेटना विचारलं, अपघात झाला तर या लोकांचं काय? शेटनी योजना केली. भोंगा वाजवायचा, लोकांनी बोळातून निघून शाळेच्या मैदानात जमायचं. आणि योजनेवर वजन पडावं म्हणून ते आमच्याकडे आले. तेव्हा ‘कॉम्प्युटरने सांगितलं’ म्हटलं की साहेबलोकसुद्धा मान डोलवायचे.

“बाई, तुमच्या त्या यंत्राकडून एक रिपोर्ट काढून द्या,” शेट म्हणाले. “लोक वेळेत बाहेर पडतात, एवढंच लिहायचं.”

“पडतात की नाही ते बघून लिहू,” मी म्हटलं.

लिमये सर आणि मी बोळात गेलो. तिथे पारूकाकी भेटली. मासळीच्या लिलावात तिचा आवाज ऐकलाय अशा माणसाला तिची ओळख करून द्यायला नको. ज्यांनी ऐकला नाही त्यांना काय सांगू? पलीकडच्या धक्क्यावरचे लोक तिच्या बोलीवर भाव करायचे. मी तिला विचारलं, “काकी, भोंगा झाला की काय करता?”

“काय करनार? टोपली उचलायची नि धावायचं.”

“कुठे?”

“कुटं म्हंजे? कारखान्यात! भोंगा झाला म्हंजे लाद्या निघाल्या. उशीर केलान तर ऱ्हायला आपल्याला चुरा.”

सरांनी माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे. बर्फाच्या लाद्या तयार झाल्या की वाजायचा तोच भोंगा शेट संकटाला वापरणार होते. म्हणजे वायू सुटला की अख्खा बोळ टोपल्या घेऊन वायूकडे!

“आणि समजा, वेगळाच भोंगा वाजला तर?” सरांनी विचारलं.

“वेगळा वाजला तर बघायला नको, काय झालं ता? आमचे पोरगे हायत ना आत कामाला.”

“आणि कुणी कुकारा घातला तर?” मी विचारलं. कुकारा म्हणजे तोंडाशी हात धरून घातलेली लांब हाक. या वाडीतून त्या वाडीला अशीच बोलावणी जातात.

पारूकाकीने माझ्याकडे असं बघितलं, की ही शिकलेली बाई अशी कशी. “कुकारा ऐकून जो जात नाय तो मानूस काय गो?”

इथे मला कळलं की सरांच्या पुस्तकातला हिशेब आमच्या गावाला उलटा लागतो. पुस्तक म्हणे, ओरडा ऐकला की माणूस ओरड्यापासून लांब जातो. आमच्याकडे माणूस ओरड्याकडे जातो. वणवा लागला तर टहाळे घेऊन आगीकडे, विहिरीत कुणी पडलं तर विहिरीकडे. मी परत आले आणि प्रोग्रॅममध्ये हाकेच्या आकड्याआधीचं वजाबाकीचं चिन्ह काढून तिथे बेरजेचं घातलं. मग प्रोग्रॅम सोडला, म्हणजे चालू केला. भोंगा झाला आणि सगळी अक्षरं फाटकाकडे सरकत गेली, तिथे गोळा झाली, आणि एकेक करून थांबली. आमच्या प्रोग्रॅममध्ये थांबणं म्हणजे काय, ते लिहीत नाही.

शेट बघायला आले आणि चिडले. “बाई, ही काय येडी माणसं आहेत काय? मरायला चाललीत!”

“माणसं बरोबर आहेत शेट. वाट चुकीची आहे.”

“तो तुमचा ओढीचा आकडा काढा बघू.”

मी काढून दाखवला. अक्षरं मुकाट्याने रांगेत निघाली आणि शाळेच्या मैदानात जाऊन उभी राहिली. आई नाही, पोर नाही, टोपली नाही.

“हां! कशी शहाण्यासारखी गेली!” शेट खूष. “हेच द्या.”

“हे मैदानात उभे आहेत ते बोळातले लोक नव्हेत,” मी म्हटलं. “असे लोक कुठे राहतात ते मला ठाऊक नाही. त्यापेक्षा गडग्याला एक खिंड पाडा. वाऱ्याला आडवं निघता येईल, वायू चुकेल.”

“माझ्या जागेतून?” शेट उठूनच उभे राहिले. “आज वाट दिली की उद्या वहिवाट पडली! परवा कोर्टात उभे राहतील, आमच्या बापजाद्यांपासून वाट आहे म्हणून. नाव काढू नका.”

बाहेरच्या वाचकांना सांगते, यात शेट काही जगावेगळे नव्हते. आमच्याकडे वहिवाटीचं भय वायूपेक्षा मोठं. सख्खे भाऊ वीतभर वाटेसाठी जन्मभर तारखा करतात. त्यांच्या पोटातही एक आकडा होता, तो नऊवर होता, म्हणून ते थिजले होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. शेट शाळेचे देणगीदार. “तो एक आकडा काढून रिपोर्ट द्या. नाहीतर कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे ठेवा आणि टायपिंगला बसा.”

मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू? ती खोली माझी होती. पण जीभ माझ्या आधी बोलली, “किल्ली घ्या सर. पण माणसांतली माया काढून टाकलेला रिपोर्ट माझ्या हातून निघायचा नाही.”

लिमये सर बाजूला उभे होते. ते एवढंच म्हणाले, “आणि माझी त्यावर सही व्हायची नाही.” जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने कुणाला उलट उत्तर दिलं असेल. मुख्याध्यापक म्हणाले, “शनिवारपर्यंत विचार करा.”

मी विचार केला तो असा, की शनिवारपर्यंत किल्ली माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाजार आटोपल्यावर, बोळातल्या बायकांना मी कॉम्प्युटरच्या खोलीत घेऊन आले. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत मासळीचा घमघमाट. भरतकामाचं कापड पारूकाकीने घडी करून मांडीवर घेतलं.

“ह्यात आमी कुटं हाव?” तिने विचारलं.

“हे ‘पी’ दिसतंय ना, ते तुम्ही.”

“एवडीशीच?”

“जागा कमी आहे काकी.”

प्रत्येकीला मी तिचे आकडे विचारले. काय तो गोंधळ! पारूकाकी म्हणाली, “माजी भीती दोन लाव.” शेजारची सुमन म्हणाली, “दोन? झुरळ बगून पाटावर चडते ती! सात लाव गो बाय!” “तुजी जीब सात लाव मेल्ये!” सुमनचा सासरा अंथरुणाला खिळलेला. तिला विचारलं, ओढ कुणाकडे? ती म्हणाली, “म्हाताऱ्याकडं. शिव्या घालतो मला, पन त्याला टाकून कशी जाऊ?” म्हणून सुमनच्या अक्षराची चाल निम्मी केली, कारण पाठीवर म्हातारा. कुणाची ओढ कारखान्यातल्या मुलाकडे, कुणाची शेळीकडे. एकीने खूप विचार करून सांगितलं, “नवऱ्याकडं नको लावू, तो आपला येईल.” सगळ्या हसून हसून लोटपोट.

मग मी सोडला. हसू हळूहळू थांबलं. ‘पी’ टोपली घेऊन फाटकाकडे गेलं. सुमन सासऱ्याला घेऊन अर्ध्यावर राहिली. 

“परत लाव,” पारूकाकी म्हणाली. “आनि आता तो गडगा काढून बग.”

आमच्या त्या यंत्रात गडगा म्हणजे प्रोग्रॅमची एक ओळ होती. ती मी पुसली. भोंगा झाला, अक्षरं तरीही फाटकाकडेच वळली. गडगा नाही हे त्यांना कुठे ठाऊक? काकी चिडली. “अरे मेल्यांनो, हिकडं या ना!” ती पडद्यावर ओरडली, आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. हाक! हाकेची जागा मी फाटकावरून उचलून खिंडीत आणली. परत सोडलं. अक्षरं वळली. आधी जवळची, मग लांबची. सुमन सगळ्यांच्या मागून, सासऱ्यासकट, बाहेर पडली. बायकांनी टाळ्या पिटल्या.

“एवडंच?” पारूकाकीने विचारलं.

“एवढंच.”

“मग त्याला ह्यो डबा कशाला होवा? पहार होवी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळातल्या माणसांनी गडग्याचे चिरे काढले. तोडफोड नाही, आरडाओरडा नाही. रचलेले चिरे उचलून बाजूला नीट रचून ठेवले, दोन माणसं जातील एवढी खिंड. शेटनी गडी पाठवून परत रचले. यांनी परत काढले. किती वेळा, ते मी मोजलं नाही. पोलिसातही जाऊन आले शेट. हवालदार येऊन म्हणाला, “चिरे चोरीला गेलेत का? नाही ना? मग मी काय लिहू?” शेवटी शेटचे गडीच कंटाळले, त्यांची घरंही त्याच बोळात होती.

शनिवारी मी किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि टायपिंगला बसले. रिपोर्ट आम्ही दिला, पण आम्हाला हवा तसा, ओढीसकट. शेटनी तो घेतला नाही. मुंबईहून कुणाकडून तरी दुसरा आणवला, सरळ रांगेत चालणाऱ्या माणसांचा. कॉम्प्युटरवर परत भरतकामाचं कापड पडलं, धुवून, कारण मासळीचा वास जाईना.

आणि मग पावसाळा संपल्यावर एके दिवशी, शाळा सुटल्यावर मी मासे घ्यायला बोळात गेले होते. भोंगा झाला. झाला तो थांबेचना. पाठोपाठ तो वास. गोठ्यातला उग्र दर्प हजारपट करा, तसा. डोळ्यांतून घळाघळा पाणी. घराघरांतून माणसं बाहेर आली आणि सगळ्यांची तोंडं फाटकाकडे. मी प्रोग्रॅम लिहिलेला, ओळ न् ओळ पाठ. तरी माझेही पाय तिकडेच वळले होते. आत माणसं आहेत, काय झालं बघायला नको?

तेवढ्यात मागून कुकारा आला.

पारूकाकी खिंडीपाशी रचलेल्या चिऱ्यांवर चढली होती. पदर ओला करून गळ्याशी गुंडाळलेला. आधी एक लांब कुकारा, आणि मग लिलावाच्या आवाजात एकेकाचं नाव. “सुमन, म्हाताऱ्याला उचल नि हिकडं ये! गनपत, तिला हात दे! दादल्यांनो, तिकडं काय लाडू वाटतायत? हिकडं!” ‘पळा’ असं ती एकदाही म्हणाली नाही. ‘या’ म्हणत होती. तोंडं वळली. आधी जवळची, मग लांबची. मी बघतच उभी राहिले, पडद्यावर बघितलेलं डोळ्यांसमोर घडत होतं ना!

“गो टायपिस्टनी, बगत काय ऱ्हायलीस? तुला काय वेगळा भोंगा होवा?”

गेले मी.

नळी फाटकापाशीच फुटली होती. म्हणून कारखान्यातली माणसंही मागच्या भिंतीवरून बोळात उतरली आणि खोकत खोकत खिंडीकडे आली. शेवटच्यांत शेट होते. पायांत चपला नाहीत, डोळे लाल. खिंडीत येऊन ते अडखळले. पारूकाकी वर उभीच होती. म्हणाली, “या शेट, या. तुमचीच जागा. बगून पाय टाका हां, वहिवाट पडंल.”

आणि त्या सगळ्या जळत्या डोळ्यांच्या माणसांत हशा पिकला. मी सांगते तुम्हाला, घबराट उडालेली माणसं अशी हसत नाहीत. सुमनचा सासरा शेजारच्या गणपतच्या खांद्यावरून तिला शिव्या घालत होता, म्हणजे ठीक होता. एक कामगार दवाखान्यात राहिला, तोही बरा होऊन परत आला.

आज माझी पुण्याची भाची याच कामात आहे. तिच्या पडद्यावर हजारो माणसं पळतात, रंगीत, हातपायवाली. भीतीचे म्हणे शेकडो आकडे आहेत. मी कौतुकाने बघते आणि विचारते, “यात हाक कोण मारतं गो? कुणाच्या नावाने?” ती म्हणते, “मावशी, ते अजून घालायचंय.” मग घाल ना बाई, आम्ही कॅसेटवर घातलं होतं.

शेटनी पुढे त्या खिंडीला रीतसर चौकट बसवून घेतली, सागवानी दार लावलं. मिस्त्री कडी ठोकायला लागला तेव्हा पारूकाकी जाऊन उभी राहिली. “कडी कुटल्या अंगाला बसवतोयस?”

मिस्त्रीने शेटकडे बघितलं. शेटनी माडांकडे बघितलं.

“माझ्या अंगाला,” ते म्हणाले.

“मग नकोच.”

काकी तिथून हलली नाही. मागे सुमन येऊन उभी राहिली, मग गणपत, मग बाकीचे. कुणी हाक मारली नव्हती. शेटनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग मिस्त्रीला म्हणाले, “ठेव ती पिशवीत.”

दार अजून आहे. कडीसाठी पाडलेली दोन भोकं तेवढी आहेत त्याला, कडी नाही.